अर्धलीची कोंबडी

आक्का, तुझ्या कोंबड्या माझ्या हाकेला येत नाहीत.

दिवस कलला की मी परसात जातो, खुराड्याचं दार उघडून धरतो आणि तुझ्यासारखंच 'तीऽ तीऽ तीऽ' करतो. त्या माना वळवून एकदा माझ्याकडे बघतात आणि पुन्हा स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून उभ्या राहतात. त्या दारातून तू कण्यांची वाटी घेऊन यायचीस. दार बंद आहे, आत कुणी नाही, हे त्यांना कसं सांगायचं? थोडा वेळ मीही त्यांच्यासोबत दाराकडे बघत उभा राहतो. मग मलाच वाटायला लागतं की आत कुणी तरी कण्या निवडतंय. परवा वाटी ओट्यावर ठेवल्यासारखा आवाज झाला. मांजर असेल. मी जाऊन बघितलं नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर दोन पानं लिहून मागितली आहेत. तुला सगळेच ओळखत होते. गल्लीतले तेलुगू लोकही तुला अक्काच म्हणायचे. वरच्या अपार्टमेंटमधल्या पुण्याच्या मुलीनं सांगितलं, "काका, त्या कोंबड्याचा किस्सा नक्की लिहा." किस्सा असा की ती तुला म्हणाली होती, आजी, आमची रात्रपाळी असते आणि हा पहाटेच ओरडतो. तू म्हणालीस, "मग तू त्याला तुझा टाइम लावून दे बाई, माझं तर तो काही ऐकत नाही." तेव्हापासून ती टरबुजाच्या साली खास तुझ्या कोंबड्यांसाठी खाली आणून द्यायची.

हे लिहिता येईल. माझी बायको सुधा गेली तेव्हा सीमा सात वर्षांची होती. तू देगलूरकडचं गाव, नवऱ्यामागं एकटीनं सांभाळलेलं घर, सगळं सोडून एका ट्रंकेनिशी इथे तारनाक्याला आलीस आणि माझ्या पोरीची आई झालीस, हेही लिहिता येईल. पण मला दुसरंच लिहायचं आहे. शेजारच्या मेहरुनबीच्या कोंबडीनं आपल्या घरी मर आणली, साथीचा रोग आणला, असं ह्या गल्लीत चौदा वर्षं सगळे समजतात. तूही तेच समजत गेलीस. ते खरं नाही. तुझ्या कोंबड्या मी मारल्या.

आता सगळं नीट सांगतो.

परसाची वाटणी आपण केली होती. नळाच्या अलीकडे माझे वाफे, पलीकडे तुझं खुराडं. रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर मला त्या वाफ्यांशिवाय दुसरं काम नव्हतं. भेंडी, गवार, वांगी, अंबाडी. दादांसारख्या शेतकऱ्याच्या पोटी जन्मून आयुष्यभर फायली हलवल्या, आता निदान चार हात जमीन तरी पिकवून दाखवू, असं होतं. आणि तुझ्या कोंबड्यांना वाटणी मान्य नव्हती.

"कोंडून ठेव त्यांना आक्का. एक रोप उभं राहू देत नाहीत."

"कोंडायला त्या काय तुझ्या कचेरीतल्या फायली हायेत का?"

"मग मी लावायचं तरी कशाला?"

"लाव की. त्या उकरतेत म्हणून माती भुसभुशीत होते. फुकटचा गडी मिळालाय तर रडायलास."

हे भांडण रोजचं होतं. भिंतीपलीकडून मेहरुनबी हसायची. "अक्का, अफसर साब को एक मुर्गी पका को खिला देव, गुस्सा उतर जाता." ती भिंत तेव्हा कमरेइतकीच होती. तू मराठीत बोलायचीस, ती दखनीत, आणि दोघींपैकी एकीनंही कधी दुसरीची भाषा धरली नाही. तरी बोलणं संपायचं नाही. तू तिला अंबाडी द्यायचीस, ती तुला कच्च्या आंब्याचा आचार. ह्या शहरात तुझं स्वतःचं म्हणावं असं माणूस ती एकच होती. बाकी सगळी माझी माणसं होती, हे मला आता कळतं.

त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी तिची असील जातीची कोंबडी खुडूक झाली, अंड्यांवर बसायला आली. काळी, उंच, रागीट. तुझ्या बाजारच्या कोंबड्या अंड्यांवर धड बसायच्या नाहीत. मेहरुनबी म्हणाली, घेऊन जा. तू म्हणालीस, "फुकट नको. इकतही नको. अर्धलीनं दे."

अर्धल म्हणजे काय ते तू तिला भिंतीवर कोपर टेकून समजावलंस. आपल्या गावाकडची रीत. दुसऱ्याची कोंबडी नाहीतर शेळी आपण सांभाळायची आणि होतील ती पिल्लं निम्मी निम्मी.

"पड़ोस में क्या हिसाब अक्का? ले को जाव ना."

"हिसाब नाही गं. पिल्लं वाटंपर्यंत दोघींनी एकमेकींच्या घरी जायला लागतंय. त्यासाठी असती ती."

न्हाणीघराच्या गार कोपऱ्यात टोपलीत भुसा घालून तू तिला बसवलीस. वळवाच्या गडगडाटानं अंडी नासू नयेत म्हणून टोपलीत एक लोखंडी खिळा आणि कोळशाचा तुकडा ठेवलास. मेहरुनबी रोज दुपारी बघायला यायची आणि त्या खिळ्यावरून तुझी थट्टा करायची. न्हाणीच्या दारात तुम्ही दोघी उकिडव्या बसून कुजबुजायचात, जशी आत बाळंतीण निजली आहे.

त्याच दिवसांत मी मका लावत होतो. दोनदा लावला. पहिल्यांदा मुंग्यांनी बी ओढून नेलं, दुसऱ्यांदा तुझ्या कोंबड्यांनी. तिसऱ्यांदा मी बी-बियाण्यांच्या दुकानातून औषधाची लाल पूड आणली, बियाण्याला चोळली आणि सांजेला पेरून टाकलं.

आक्का, औषध लावलेलं बी म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं, असं मी लिहू शकत नाही. आपल्या शेतावर पेरणी झाली की दादा पोरांना बांधावर फिरकू द्यायचे नाहीत. तरी आपण गेलो होतो. तासांमध्ये पाखरं पडली होती, आणि तू एक चितूर फ्रॉकमध्ये गुंडाळून घरी आणला होतास. तो जगेल म्हणून त्याच्या चोचीत पाणी घालत बसली होतीस. दादांनी तुला मारलं आणि दोघांचेही हात राखेनं घासून घेतले. ते मी विसरलो नव्हतो. पेरताना मला त्या चितराची आठवण झाली होती. मी मनात म्हणालो, एक-दोन दाणे पोटात जातील, जुलाब होतील, पुन्हा वाफ्याकडे येणार नाहीत. अद्दल घडेल. कुंपणाची जाळी मी दुसऱ्या दिवशी आणणार होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू दार उघडलंस. उन्हं चढेपर्यंत पहिली कोंबडी कढीपत्त्याखाली पडली. मान मुरगळलेली, पाय ताठ. मग दुसरी. दुपारपर्यंत खुराडं रिकामं झालं. तू ताकपाणी पाजत होतीस, ओलं गोणपाट पांघरत होतीस, एकीला मांडीवर घेऊन वारा घालत होतीस. "मानमोडी आली रे दिगू," म्हणालीस, "मर आली." मी वाफ्यापाशी उभा होतो. वाफा उकरलेला होता आणि मातीवर लाल रंगाचे दाणे दिसत होते. मी चपलेनं माती लोटली.

न्हाणीघरातली काळी असील मात्र धडधाकट होती. ती टोपलीतून उठून बाहेर आलीच नव्हती, म्हणून वाचली. तुला ते उलटं दिसलं. बाहेरून आली ती वाचली, घरच्या मेल्या. म्हणजे रोग तिनंच आणला.

इथपर्यंत मी चुकलो होतो असं म्हणता आलं असतं. पुढचं ते नाही. तू विळी घेऊन आलीस आणि म्हणालीस, "एक फाडून बघते. काय खाल्लंय का." तू गावाकडची बाई. गळ्याखालची दाण्यांची पिशवी चिरली असतीस तर लाल मका तुझ्या हातात आला असता आणि तुला चितूर आठवला असता. मी म्हणालो, "रोगाची कोंबडी फाडू नये आक्का. हाताला लागतं. शेजारीपाजारी पसरेल." तुझ्या हातातली विळी मी काढून घेतली. मी कधी नव्हे ते फावडं घेऊन लिंबोणीखाली खड्डा खणला, चुना टाकला आणि सगळ्या पुरल्या. तू म्हणालीस, "किती करायलास रे." मला त्या शब्दांची अजून धग लागते.

मग तू टोपली उचललीस. कोंबडी, अंडी, खिळा, कोळसा, सगळ्यासकट. भर उन्हात तू मेहरुनबीच्या दारात गेलीस, टोपली तिच्या पायरीवर ठेवलीस आणि म्हणालीस, "तुझी मर तुझ्या घरी ठेव. माझं घर धुऊन नेलंस." गल्लीतल्या बायका बाहेर आल्या होत्या. मेहरुनबीला काही समजलं नाही. ती टोपलीकडे बघत उभी राहिली. मी तुझ्या मागे फाटकाशी उभा होतो. एका वाक्यानं सगळं मिटलं असतं. मी गप्प राहिलो.

अर्धलीची कोंबडी पिल्लं निघायच्या आधी परत पाठवली की नातं मोडतं, हे तूच तिला सांगितलं होतंस.

पुढच्या महिन्यात तू भिंतीवर चार थर चढवायला सांगितलेस. ते मी गवंडी न लावता स्वतः चढवले. मेहरुनबीचा नवरा गेला तेव्हा तू तिच्याकडे जाऊन आलीस. मी विचारलं, बोललात? "तिनं पाणी दिलं. मी प्याले," एवढंच म्हणालीस. त्या लिंबोणीला नंतर इतकी लिंबं लागली की तू बरण्या भरभरून लोणचं घातलंस. मी कधी खाल्लं नाही. दिगूला आंबट सोसत नाही, असं तू सगळ्यांना सांगायचीस. ताटात लोणचं दिसलं की मला मातीखालून काही तरी उकरत असल्याचा आवाज यायचा. हे मी कुणाला सांगणार होतो?

मागच्या वर्षी तू पुन्हा कोंबड्या आणल्यास. गुडघे चालत नव्हते, तरी. "मरायच्या आधी परसात आवाज पायजे," म्हणालीस. बेगम बाजारातून कण्या मागवल्यास. आणि खुराड्यासमोर परातीत गुलाबी औषधाचं पाणी ठेवलंस. आत येणाऱ्यानं त्यात पाय बुडवूनच यायचं, मर पुन्हा येऊ नये म्हणून. रोज सकाळी मी त्यात पाय बुडवत होतो, आक्का. तू काठी टेकून बघत उभी असायचीस आणि म्हणायचीस, "दुसरा पण बुडव."

यंदा उन्हं तापायला लागली तेव्हा तुझी तांबडी खुडूक झाली. न्हाणीच्या त्याच कोपऱ्यात तू तिला बसवलीस. वाकता येत नव्हतं म्हणून अंडी एकेक माझ्या हातानं ठेवून घेतलीस. खिळा सापडेना म्हणून खुराड्याचा एक उपटून दिला. मग भिंतीला टेकून बसलीस आणि म्हणालीस, "ह्यातली निम्मी मेहरूनला द्यायची."

मी म्हणालो, "कोंबडी तिची नाही. तिची कसली अर्धल?"

"मागची राहिली ना. रोग काय तिनं मुद्दाम आणला होता का रे? मी बोलले ते मात्र मुद्दाम बोलले. तू जाऊन सांग तिला. माझ्यानं पायरी चढवत नाही."

त्या वेळी आपण दोघंच होतो. न्हाणीत गारवा होता. तुझा हात माझ्या गुडघ्यावर होता. इतकी सोपी जागा मला पुन्हा मिळणार नव्हती. मी म्हणालो, "बघू. ऊन उतरू दे."

त्याच आठवड्यात तुला दवाखान्यात न्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी तू डोळे उघडलेस आणि आधी तांबडीची चौकशी केलीस, अंड्यावरून उठली तर नाही ना. मग म्हणालीस, "मेहरूनला सांगितलंस का?"

मी हो म्हणालो.

"काय म्हणाली?"

"ये म्हणाली."

तू हसलीस. तोंडात दात नव्हते, नळी लावलेली होती, तरी ते हसणं मला ओळखू आलं. चितूर पाणी प्याला असं तुला वाटलं होतं, तेव्हा तू तशी हसली होतीस.

दहाव्याला कावळा पिंडाला लगेच शिवला. सगळ्यांना हायसं वाटलं. अक्कांची काही इच्छा राहिली नव्हती, असं भटजीही म्हणाले. सीमा रडत रडत म्हणाली, "बघा बाबा, आत्या समाधानानं गेली." मी खाली बघत होतो. समाधान खरं होतं. ते कशावर उभं होतं हे मला एकट्याला माहीत होतं.

त्यानंतर लगेच टोपलीतून चिवचिव सुरू झाली. सीमा म्हणाली, "कुणाला तरी देऊन टाका बाबा हे सगळं, तुम्हाला झेपणार नाही." ती पुण्याला परत गेली. घर रिकामं झालं आणि ती चिवचिव भिंतींतून यायला लागली. तू गेल्यावर तू सांगून ठेवलेलं काम अंडं फोडून बाहेर येत होतं.

मी ऊन उतरायची वाट बघितली नाही. भर दुपारी टोपी घालून मेहरुनबीच्या पायरीवर गेलो. टोपली जिथे ठेवली होतीस तीच पायरी. ती आता थकली आहे, डोळ्यांना कमी दिसतं. "कौन?" म्हणाली. मी नाव सांगितलं. "आव भाईसाब. धूप में कायकू आए?"

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मका, पूड, विळी, लिंबोणी. मग ती म्हणाली, "अक्का को बोले थे?"

"नहीं, आपा."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "उस दिन के बाद मैं किसी को मुर्गी नै दी, भाईसाब. बेटी माँगी, उसको भी नै दी. मेरे हाथ में बीमारी है बोलको समझी मैं."

आक्का, मी इतकी वर्षं तुझाच हिशेब मनात धरून बसलो होतो. तिनं ते खरं मानलं असेल, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

मी माफी मागितली. तिनं ती घेतली की नाही, मला समजलं नाही. पिल्लं केव्हा आणू, असं विचारलं तर म्हणाली, "अब्बी माँ से अलग नक्को करो. बड़े होने देव. फिर देखते." आणि मी निघालो तेव्हा म्हणाली, "सब के सामने बात हुई थी. सब को मालूम होना अब. मेरा नाम भी डालो. मेरेकू क्या शरम?"

म्हणून हा लेख. काल तो तिच्या पायरीवर बसून तिला वाचून दाखवला. मराठी तिला समजतं, इतकी वर्षं तुझं ऐकत आली. खिळा-कोळशाशी ती हसली. काळी असील आली तिथे तिनं मला थांबवलं. "काली नै थी. गले पे लाल था. अक्का को पूछो..."

पायरीवरच्या टोपलीपर्यंत आलो, तेव्हा तिनं पुन्हा हात वर केला. मी नुसती बघत उभी राहिले असं कसं लिहिलंत, म्हणाली. ती बोलली होती. "मैं बोली, अक्का, अंडे धूप में हैं, छाँव में रखो, बच्चे मर जाते. अक्का जाते जाते रुकी. पलट को टोकरी देखी. फिर तुम को देखी."

मला हे काहीच आठवत नव्हतं. मी म्हणालो, "और मैं चुप था."

"नै भाईसाब," ती म्हणाली. "तुमे चुप कहाँ थे?"

वर मी लिहिलं आहे की मी गप्प राहिलो. ते खोडत नाही, इतकी वर्षं मी स्वतःला तेच सांगत आलो होतो. पण तिनं सांगितलं ते खरं आहे. तिनं सांगताच मला माझा आवाज ऐकू आला. तू थांबली होतीस, आक्का. टोपलीकडे परत जायला तू वळली होतीस. मी तुझं मनगट धरलं आणि म्हणालो, "चल, ऊन फार आहे."